खाडा पडला तरी खातं चालू: ‘लूप हॅबिट ट्रॅकर’ अ‍ॅपचं परीक्षण

दूधवाल्याचा खाडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर मांडायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. महिनाअखेर खाडे मोजायचे, तीस दिवसांतून तीन वजा करायचे आणि सत्तावीस दिवसांचे पैसे द्यायचे. तीन खाडे पडले म्हणून कुणी रतीब बंद करत नाही. स्वतःच्या नेमाच्या बाबतीत मात्र हा साधा हिशेब आपण विसरतो. सूर्यनमस्कार दहा दिवस नीट चालतात, अकराव्या दिवशी पाहुणे येतात, बाराव्या दिवशी ‘आता मोडलंच की’ असं वाटतं आणि सतरंजी पुढच्या पाडव्यापर्यंत कोपऱ्यात जाते. अशा माणसाला आपण आरंभशूर म्हणतो. त्याचा खरा घोटाळा सुरुवातीत नसतो आणि खाड्यातही नसतो, तो खाड्याच्या दुसऱ्या दिवशी होतो.

‘लूप हॅबिट ट्रॅकर’ हे अँड्रॉइड अ‍ॅप त्या दुसऱ्या दिवसासाठी चांगलं आहे. नेम नोंदवायची अ‍ॅप ढिगाने मिळतात. बहुतेकांचा भर ‘सलग किती दिवस’ या एका आकड्यावर असतो. तो आकडा चाळीसवर असताना उत्साह देतो आणि एक दिवस चुकला की शून्यावर येऊन सगळा उत्साह काढून घेतो. लूप सलग दिवस दाखवतं, पण त्याचा मुख्य आकडा वेगळा आहे. त्याला ते ‘स्कोअर’ म्हणतं. इतर अ‍ॅप सोडून हे का घ्यावं, याचं माझ्या मते सर्वात मोठं कारण हा स्कोअर आहे, म्हणून आधी तोच उलगडून सांगतो.

आकडा कसा चालतो

रोजच्या नेमासाठी हिशेब असा आहे: कालच्या स्कोअरचे सुमारे ९४.८ टक्के आज शिल्लक राहतात आणि आज काम केलं असेल तर त्यात ५.२ गुण मिळतात. इतकंच. शून्यापासून सुरुवात करून एकही दिवस न चुकवता गेलात, तर सातव्या दिवशी स्कोअर ३१ टक्क्यांच्या आसपास असतो, तेराव्या दिवशी ५०, तिसाव्या दिवशी ८० आणि सहासष्टाव्या दिवशी ९७. सुरुवातीला आकडा भराभर चढतो, मग चढ मंदावतो. सवय अंगवळणी पडते तीही साधारण अशीच.

आता चुकलेल्या दिवसाचं बघा. तुम्ही ८० वर आहात आणि आज काही केलं नाही, तर आकडा ७६ वर येतो. उद्या पुन्हा केलंत की ७७. लागोपाठ दोन दिवस चुकले तर ७२. अख्खा आठवडा गेला, घरात लग्न होतं किंवा तापाने अंथरूण धरलं होतं, तरी ५५ उरतात आणि तिथून पुन्हा ८० गाठायला पंधरा-सोळा दिवस पुरतात. म्हणजे सात दिवसांच्या खाड्याची किंमत दोन आठवड्यांची मेहनत आहे. किंमत आहेच, पण ती फेडता येण्याजोगी आहे, आणि फेडता येईल असं कर्ज समोर दिसलं की माणूस फेडायला लागतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एखादी कृती आपोआप घडू लागायला किती दिवस लागतात, हे त्यात तपासलं होतं. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, आला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे जे सगळीकडे ऐकू येतं, त्याला या आकड्यांत कुठेही पाठबळ नाही. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड जातंय म्हणून खचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: जड जाणारच, अजून निम्मी वाटही झालेली नाही. व्यायामासारख्या सवयीला पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हेही त्या अभ्यासात दिसलं. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या एकूण वाटचालीत फारसा फरक पडला नाही.

आपल्याकडच्या चातुर्मासाच्या नेमाची मुदत इथे आठवावी. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, म्हणजे चार चांद्रमास, साधारण ११८ दिवस. ६६ दिवसांचा टप्पा त्याच्या मध्याच्या थोडा पुढे पडतो. नवा नेम धरताना महिन्याची मुदत घालण्यापेक्षा चातुर्मासाएवढी घालावी, ती माणसाच्या स्वभावाला जास्त धरून आहे.

‘मोडलंच आहे तर…’ या विचाराचंही आधीच मोजमाप झालेलं आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला सांगितलं. मिल्कशेक न प्यायलेल्यांपेक्षा प्यायलेल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पोट भरलेलं असतानाही जास्त, कारण त्या दिवसाचा नेम त्यांच्या लेखी मोडून गेला होता. उपास मोडलाच आहे तर साबुदाणा काय आणि भजी काय, तो हाच विचार. शून्यावर येणारा आकडा या विचाराला खतपाणी घालतो, ७६ वर येणारा घालत नाही.

नेम मांडताना

अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेटशिवाय चालतं. मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो. गूगल प्ले आणि एफ-ड्रॉइड (मुक्त स्रोत अ‍ॅपचं भांडार) दोन्हीकडे मिळतं. नोंदी तुमच्या फोनवरच राहतात. वजन, दारू, सिगारेट, औषधं असल्या खासगी गोष्टी नोंदवणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

वरचं अधिकचं चिन्ह दाबलं की दोन प्रकार समोर येतात. ‘येस ऑर नो’ म्हणजे केलं की नाही एवढंच. ‘मेझरेबल’ म्हणजे किती केलं तो आकडा. बहुतेक लोक पहिला प्रकार निवडतात आणि तिथेच फसतात. ‘रोज एक तास अभ्यास’ असा होय-नाहीचा नेम धरला, तर चाळीस मिनिटं केलेल्या दिवशी काय लिहायचं? ‘हो’ लिहिलं तर स्वतःशीच खोटं, ‘नाही’ लिहिलं तर चाळीस मिनिटं पाण्यात. ‘मेझरेबल’मध्ये एकक ‘मिनिटं’, लक्ष्य ६०, प्रकार ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवा आणि ४० भरा. त्या दिवसाचे दोन-तृतीयांश गुण स्कोअरमध्ये जमा होतात. सलग दिवसांच्या साखळीत तो दिवस धरला जात नाही, कारण तिथे लक्ष्य पूर्ण व्हावं लागतं, पण स्कोअरला त्याची कदर असते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, रियाज, पोथीवाचन, पावलं, प्रबंधाचे शब्द, असं जे मोजता येतं ते सगळं याच प्रकारात घालावं.

होय-नाहीचा प्रकार कृती लहान आणि अखंड असेल तेव्हा ठेवावा. गोळी घेतली का, रात्री अकराला फोन बाहेरच्या खोलीत ठेवला का, जेवल्यावर दहा मिनिटं शतपावली केली का, अशा गोष्टींसाठी.

मग येतो ‘क्वेश्चन’ हा रकाना. तो बरेच जण रिकामा सोडतात. आठवण येते तेव्हा सूचनेत हाच मजकूर दिसतो, म्हणून तो नीट लिहावा, अगदी देवनागरीत. ‘व्यायाम केला का?’ हा कमजोर प्रश्न आहे. ‘चहाचा कप धुऊन ठेवल्यावर बूट घातले का?’ हा चांगला, कारण त्यात वेळ, जागा आणि पहिली हालचाल तिन्ही आहेत. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा जर-तर योजनांवरचं संशोधन एकत्र मांडलं. नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा अशी योजना आधी ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा पार पडतं, हा त्याचा गाभा. लूपमध्ये या योजनेसाठी वेगळी सोय नाही. प्रश्नाचा रकाना हीच तिची जागा.

‘फ्रीक्वेन्सी’ हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पर्याय भरपूर आहेत: रोज, दर अमुक दिवसांनी, आठवड्यातून इतक्यांदा, महिन्यातून इतक्यांदा. उत्साहाच्या भरात माणूस ‘रोज’ निवडतो. नोकरी, लोकलचा प्रवास, मुलांच्या शाळा सांभाळून प्रत्यक्षात आठवड्यात पाचदा होतं. मग स्कोअर वर्षभर चाललं तरी सत्तरच्या आसपास रेंगाळतो, कारण सातात पाच म्हणजे ७१ टक्के. काम उत्तम चालू असताना आकडा मात्र नापासाच्या जवळचा दिसतो आणि माणूस हळूहळू खचतो. तेच ‘आठवड्यातून ५ वेळा’ केलं तर आकडा शंभराकडे जातो. याला सवलत समजू नये. ही खरी मोजपट्टी आहे. पाच ठरवून पाच करणाऱ्याचा स्वतःच्या शब्दावर विश्वास बसतो, सात ठरवून पाच करणाऱ्याचा उडतो. शंका असेल तर दोनच आठवडे ‘रोज’ लावून बघा, प्रत्यक्षात किती होतं ते मोजा आणि त्यापेक्षा एकाने कमी ठेवा. वाढवणं कधीही जमतं.

एक गोष्ट नव्या वापरणाऱ्याला गोंधळात टाकते. ‘आठवड्यातून ३ वेळा’ ठेवलं आणि तीनदा झालं, की उरलेल्या दिवसांवर फिकट खुणा आपोआप येतात. त्या चुकून पडलेल्या नाहीत. या कालावधीचं काम झालं, असा त्यांचा अर्थ. अशा नेमाचा स्कोअर रोजच्यापेक्षा सावकाश हलतो. रोजच्या नेमाला ५० गाठायला १३ दिवस लागतात, तर आठवड्यातून तीनच्या नेमाला साधारण २०. पोहायला किंवा गाण्याच्या शिकवणीला जाणाऱ्यांनी पहिला महिना आकड्याकडे फार बघू नये.

कमाल मर्यादेचा सापळा

‘मेझरेबल’मध्ये ‘अ‍ॅट मोस्ट’ असाही प्रकार आहे: दिवसाला चहा जास्तीत जास्त दोन, मोबाइलवर रील जास्तीत जास्त तीस मिनिटं. कल्पना छान, पण धोका ओळखून वापरा. या प्रकारात स्कोअर वरूनच सुरू होतो आणि काहीच न भरलेला दिवस शून्य धरला जातो. शून्य म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणजे यश. पाच चहा प्यायलेला माणूस ज्या दिवशी नोंद करायला टाळतो, नेमक्या त्याच दिवशी त्याला पूर्ण गुण मिळतात. काही सोडायचं किंवा कमी करायचं असेल तर ते करायच्या कृतीत बदलून होय-नाहीमध्ये घालणं जास्त प्रामाणिक: ‘चारच्या चहाच्या वेळी ताक घेतलं का?’ नोंद राहिली तर गुण मिळत नाहीत, हिशेब सरळ राहतो.

कशाला नेम म्हणू नये हेही इथेच सांगतो. ‘पाच किलो वजन कमी’ हा नेम होत नाही, तो परिणाम आहे. काट्यावरचा आकडा मीठ, पाणी, झोप, पाळी यांनी एक-दीड किलो सहज इकडेतिकडे होतो. रोजच्या प्रयत्नाचं फळ रोज दिसत नाही आणि तिथेच हिरमोड होतो. लूपमध्ये फक्त ते टाकावं जे आज रात्री झोपण्यापूर्वी तुमच्या हातात आहे. वजन महिन्यातून दोनदा वहीत लिहा, पुरे.

किती नेम टाकावेत? दोन. फार तर तीन. अ‍ॅपवर मर्यादा नाही आणि पडद्यावर रंगीत ओळी छान दिसतात, म्हणून पहिल्याच दिवशी आठ-दहा टाकले जातात. दहाव्या दिवशी त्यातले सहा फुल्यांनी भरतात आणि ज्या दोघांत खरोखर प्रगती होती त्यांचाही आनंद जातो. पहिला नेम ८० च्या वर तीन आठवडे टिकला की पुढचा घ्यावा.

खाड्याचं काय करायचं

सेटिंग्जमध्ये ‘एनेबल स्किप डेज’ असा पर्याय आहे, तो सुरू करावा. आणखी एक पर्याय नोंद नसलेल्या दिवसांवर प्रश्नचिन्ह दाखवण्याचा, तोही सुरू करावा. त्यामुळे ‘केलं नाही’ आणि ‘लिहायचं राहिलं’ या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एरवी दोन्ही फुलीच होतात आणि चार दिवस फोनकडे बघायला न झालेल्याला आपण चार दिवस हरलो असं वाटतं. तिसरा पर्याय मध्यरात्रीनंतरही दिवस काही तास लांबवतो, नवा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. दुसरी पाळी करणाऱ्यांना आणि रात्री उशिरा अभ्यास करणाऱ्यांना हा हवाच.

‘स्किप’ केलेल्या दिवशी स्कोअर जागच्या जागी राहतो. घटत नाही, वाढतही नाही. म्हणून ही सवलत औषधासारखी मोजून घ्यावी. एकच कसोटी ठेवा: दिवस उजाडण्यापूर्वी ठरलेलं असेल तर ‘स्किप’, दिवस मावळल्यावर सुचलं असेल तर ‘नाही’. गणपतीचे दिवस, लग्नाचा प्रवास, डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती ही आधी ठाऊक असतात. ‘आज कंटाळा आला’ हे रात्री दहाला ठाऊक होतं. त्यालाही ‘स्किप’ दिलं, तर स्कोअर पंचाऐंशीवर थिजून राहतो आणि महिनाभर काहीच घडलेलं नसतं. आजारपण अचानक येतं, तेवढा अपवाद.

पावसाळ्याला मात्र ‘स्किप’ देऊ नये. मुंबईत, कोकणात, गोव्यात पहाटे चालायला जाणाऱ्यांचा नेम जूनमध्ये हमखास मोडतो आणि तो थेट दिवाळीनंतर आठवतो. चार महिन्यांचा खंड कुठलाही स्कोअर झेलू शकत नाही. नेम मांडतानाच पर्याय लिहून ठेवा: ‘अर्धा तास चालणं, पाऊस असेल तर इमारतीचा जिना दहा मजले’. दोन्हींपैकी काहीही केलं की खूण. अशीच किमान पातळी प्रत्येक नेमाला असावी, दिवस वाईट गेला तरी जमेल एवढी. रियाजाचं लक्ष्य ३० मिनिटं असू दे, पण तानपुऱ्याबरोबर पाच मिनिटं खर्ज लावला तरी ५ भरा. पाच मिनिटांनी गळा तयार होत नाही, पण उद्या बैठकीवर बसणं सोपं जातं आणि स्कोअरमध्येही ते थोडं दिसतं.

प्रत्येक दिवसाला टीप जोडता येते. हा छोटा रकाना खाड्याच्या दिवशी वापरा, दोन-तीन शब्द पुरे: ‘उशिरा जेवण’, ‘ओव्हरटाइम’, ‘पाहुणे’, ‘गुडघा’. महिन्याने नेमाचं नाव दाबून आतलं पान उघडा. तिथे स्कोअरचा आलेख, कॅलेंडर, सर्वोत्तम साखळ्या आणि वारांप्रमाणे मांडलेली एक आकृती असते. या आकृतीत ज्या वारी काम जास्त वेळा झालं तिथला ठिपका मोठा असतो. सोमवार ते गुरुवार ठसठशीत आणि शुक्रवार जवळपास रिकामा दिसला, तर अडचण इच्छाशक्तीची नाही, शुक्रवारची आहे. टिपा वाचल्या की कारण सापडतं. मग एकतर आठवड्यातून चारदा ठेवा किंवा शुक्रवारची वेळ बदला. स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटं कितीतरी जास्त काम करतात. अ‍ॅपमधला हा सगळ्यात मौल्यवान आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

आठवणी वाजत नाहीत तेव्हा

सर्वात जास्त तक्रार याची असते आणि बहुतेकदा कारण फोनच्या बॅटरी-बचतीत असतं. शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमी, सॅमसंग यांचे फोन मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या यादीतून लूप उघडा, बॅटरीच्या भागात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. जिथे ‘ऑटोस्टार्ट’ असेल तिथे तेही सुरू करा. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर सूचनांची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको’ म्हटलं असेल तर तीही सेटिंग्जमधूनच द्यावी लागेल. मग पाच मिनिटांनंतरची आठवण लावून, फोन खिशात ठेवून तपासून घ्या.

आठवणीची वेळ कामाच्या वेळेच्या जरा आधीची असावी. रात्री दहाला ‘आज चाललात का?’ असं विचारणारी सूचना फक्त अपराधी वाटायला लावते. वार निवडता येतात, तेव्हा कामाच्या दिवसांची आणि सुट्टीची गरज लक्षात घ्या. सूचनेवरूनच होय, नाही, नंतर असं उत्तर देता येतं, अ‍ॅप उघडायची गरज नाही. एका नेमाला दिवसात एकच आठवण लावता येते, ही कमतरता आहे. सकाळ-संध्याकाळच्या गोळीसाठी दोन वेगळे नेम करावे लागतात.

आठवणीपेक्षाही फोनच्या मुख्य पडद्यावरचं विजेट जास्त उपयोगी पडतं. चौकोनाएवढं खुणेचं विजेट लावलं की फोन उघडताच नेम दिसतो आणि तिथल्या तिथे खूण करता येते. अ‍ॅपमध्ये खूण करायला मुळात बोट दाबून धरावं लागतं. एका स्पर्शात व्हावं असा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, पण मग यादी सरकवताना नको तिथे खुणा पडतात. दाबून धरणंच बरं.

काय नाही

आयफोनवर हे अ‍ॅप नाही. दोन फोनांत आपोआप मेळ बसत नाही. मित्रांची यादी, स्पर्धा, शाबासकी, यातलं काही नाही, आणि ज्यांना कुणीतरी विचारणारं लागतं त्यांना ही उणीव खरोखर जाणवेल. त्यांनी महिन्याच्या शेवटी आतल्या पानाचं चित्र बहिणीला किंवा गुरूंना पाठवायचं ठरवून ठेवावं.

एकदाच संपणाऱ्या कामांसाठी हे बनलेलं नाही. ‘घराचं रजिस्ट्रेशन’, ‘विद्यापीठाचा अर्ज’ यांना वेगळी यादी हवी. लांबलचक कामाचा रोजचा तुकडा तेवढा इथे बसतो.

दुसऱ्या वाटाही आहेत. ‘बीमाइंडर’ ठरवलेलं चुकलं की कार्डावरून डॉलर कापतो. मुदतीच्या कामांत काहींना त्याचा धाक उपयोगी पडतो, पण आधीच खचलेल्या माणसाला दंड लावणं मला पटत नाही. ‘हॅबिटिका’मध्ये नेमांचा खेळ होतो, काम चुकलं की पात्राची शक्ती घटते. विशीतल्या मुलांना तो भावतो, पण लवकरच खेळ सांभाळणं हाच एक नेम होऊन बसतो. आणि भिंतीवरचं कॅलेंडर? त्याचा मोठा गुण असा की ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. नातवंडं आजोबांना ‘आज खूण का नाही?’ असं विचारतात, तेवढी जाग कुठलीही सूचना आणत नाही. त्यावर स्कोअर नसतो, पण महिनाअखेर दुधासारखाच हिशेब करता येतो: झालेले दिवस मोजा आणि कोपऱ्यात मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी लिहा. १४, १७, १६, २१ अशी रांग दिसली की एका महिन्याची घसरण मनावर बसत नाही. आयफोन वापरणाऱ्यांना आणि फोनच नको असणाऱ्यांना मी हाच उपाय सुचवेन.

एक गोष्ट अ‍ॅपच्या आवाक्याबाहेरची आहे. दोन आठवडे किंवा जास्त काळ सतत उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो आळस नाही आणि नेम मोडल्याचं दुःखही नाही. तेव्हा आकडे बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट, चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येतं.

जपून ठेवायचं

नोंदी फोनवरच राहतात याची दुसरी बाजू अशी की फोन हरवला किंवा अ‍ॅप काढून टाकलं की नोंदीही गेल्या. दीड वर्षाची नोंद जाण्यासारखा हिरमोड नाही. सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट फुल बॅकअप’ दाबा आणि तयार होणारी फाइल स्वतःला ईमेलने पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा. महिन्याची पहिली तारीख ठरवून टाका. नव्या फोनवर ‘इम्पोर्ट डेटा’ने सगळं परत येतं. ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज सीएसव्ही’ ही वेगळी सोय एक्सेलमध्ये आकडे बघण्यासाठी आहे. परत आणण्यासाठी आधीचीच फाइल लागते, या दोघांत गल्लत करू नका.

नेम सोडायचा ठरला तर तो पुसू नका, ‘आर्काइव्ह’ करा. नाव दाबून धरलं की वर पर्याय येतात. यादीतून तो नाहीसा होतो, नोंदी राहतात. ज्या नेमाचा स्कोअर दोन-तीन महिने ९५ च्या वर आहे आणि जो आता खूण करायचं विसरलात तरी घडतो, त्यालाही असंच आत ठेवून द्या आणि मोकळ्या झालेल्या ओळीत पुढचा घ्या. वर्षाने पुन्हा सुरुवात करावी लागली तर ‘आर्काइव्ह’मधून तोच नेम बाहेर काढा. नवा बनवू नका. जुना आकडा एव्हाना शून्याच्या जवळ आला असेल, पण खालच्या कॅलेंडरमध्ये तुम्ही एकेकाळी भरलेले शे-दीडशे चौकोन तसेच दिसतील.